गुण कोणी दिले? : शिक्षणातले यंत्र आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हा अभ्यासिकेच्या मंडळींना विषय दिला तो असा : 'आधुनिक तंत्रज्ञान आणि शिक्षण'. या विषयावर दोनच भाषणे ठरलेली असतात. एक म्हणते, मोबाईलने पोरं बिघडली. दुसरे म्हणते, कॉम्प्युटर आला, आता गरिबाचं पोरगंही कलेक्टर होणार. दोन्ही भाषणे आपण याच मंडपात ऐकलेली आहेत आणि दोन्हींना टाळ्याही दिलेल्या आहेत. आज आम्ही वेगळ्या वाटेने जाणार आहोत आणि सुरुवात जरा लांबून, म्हणजे थेट इंग्लंडहून करणार आहोत. इंग्लंड कशाला, असे कोणी म्हणेल. थोडा धीर धरा. गोष्ट ऐकल्यावर ती आपल्याच गल्लीतली वाटेल.

२०२० साली कोरोनामुळे तिकडच्या परीक्षा रद्द झाल्या. आपल्याकडे बारावी, तशी त्यांच्याकडे 'ए लेव्हल'ची परीक्षा असते. तिच्यात मिळालेल्या श्रेणीवर विद्यापीठाचा प्रवेश ठरतो. आता परीक्षाच नाही, तर श्रेणी द्यायची कशी? शिक्षकांना सांगण्यात आले, की कोणत्या विद्यार्थ्याला कोणती श्रेणी मिळाली असती ते तुम्ही अंदाजाने लिहा आणि वर्गातल्या मुलांचा पहिला, दुसरा, तिसरा असा क्रमही लावून द्या. शिक्षकांनी तसे केले. परंतु शिक्षक सढळ हाताने देतील, निकाल फुगेल, ही भीती सरकारला होती आणि 'ऑफक्वाल' या परीक्षांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेलाही होती. म्हणून संगणकावर एक हिशेबाची रीत बसवली गेली. अशा ठरवून दिलेल्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. शब्द मोठा, पण गोष्ट किराणा दुकानदाराच्या वहीइतकीच साधी असते : हे असेल तर ते धरायचे, ते नसेल तर हे वजा करायचे.

ती रीत काय होती ते नीट ऐका. शाळेचा त्या विषयातला २०१७ ते २०१९ या तीन वर्षांचा निकाल काढायचा. यंदाची मुले आधीच्या परीक्षांत कशी होती ते पाहून त्यात थोडाफार फरक करायचा. मग शाळेला त्या हिशेबाने जेवढ्या वरच्या, मधल्या, खालच्या श्रेणी बसतात तेवढ्या शिक्षकाने लावलेल्या क्रमाप्रमाणे मुलांना वाटून द्यायच्या. म्हणजे एखाद्या गरीब भागातल्या शाळेत तीन वर्षांत कोणालाच सर्वोच्च श्रेणी मिळाली नसेल, तर यंदा तिथे कितीही हुशार पोरगी बसलेली असो, तिला ती श्रेणी मिळणे जवळजवळ अशक्य. तिने काय वाचले, रात्री किती वाजेपर्यंत जागली, याला त्या वहीत रकानाच नव्हता. रकाना होता तिच्या शाळेला.

आणखी एक कलम होते. एखाद्या विषयाला पाच किंवा त्याहून कमी विद्यार्थी असतील, तर एवढ्याशा गटावर हिशेब बसत नाही, म्हणून तिथे शिक्षकाचा अंदाज तसाच मान्य करायचा. कागदावर हे कलम निरुपद्रवी दिसते. पण पाच-पाच मुलांचे वर्ग कुठे असतात, तुम्हीच सांगा. मोठी फी घेणाऱ्या खाजगी शाळांत! १३ ऑगस्ट २०२० रोजी इंग्लंडचा निकाल लागला, तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी सांगितल्यापेक्षा खाली आलेल्या होत्या, आणि वरच्या श्रेणींतली सर्वात मोठी वाढ खाजगी शाळांची होती. मुले रस्त्यावर आली. शिक्षण खात्याच्या दारात उभी राहून त्या अल्गोरिदमच्या नावाने त्यांनी घोषणा दिल्या. चार दिवसांनी, १७ ऑगस्टला, सरकारने तो निकाल मागे घेतला आणि शिक्षकांचे अंदाज मान्य केले. पुढे तिथल्या पंतप्रधानांनी शाळकरी मुलांपुढे बोलताना सगळा दोष अल्गोरिदमवरच टाकला. जणू तो आपण होऊन जन्मला होता आणि आपण होऊन वाया गेला होता!

मंडळी, 'तुझं काय ते नंतर बघू, आधी तू कुठला ते सांग', हे वाक्य आपल्याला संगणकाने शिकवलेलं नाही. ते आपल्या आज्यापणज्यांना तोंडपाठ होतं. म्हणून आम्ही म्हणालो, गोष्ट आपल्याच गल्लीतली वाटेल. त्या यंत्रात बिघाड झाला नव्हता. त्याला जे सांगितले होते, ते त्याने एकही बेरीज न चुकवता केले. शाळेचा भूतकाळ मुलाच्या कपाळावर लिहायचा, हे माणसांनी ठरवले होते, एका बैठकीत, चहा पिता पिता.

आपल्याकडे असे काही होत नाही, असे म्हणून सुटका नाही. पुढच्याच वर्षी, २०२१ साली, आपल्या देशात परीक्षा रद्द झाल्या. सीबीएसई बोर्डाने शाळांना गुण भरायला सांगितले तेव्हा अट घातली, की शाळेचा मागच्या तीन वर्षांतला जो सर्वात चांगला निकाल, तो प्रमाण धरून यंदाचे गुण त्याच्या आसपास ठेवावेत. तिथे सर्वात चांगले वर्ष धरले, ही त्यातल्या त्यात दया. पण माप शाळेच्या भूतकाळाचेच. आपल्या राज्य मंडळाने दहावीला पन्नास गुण नववीच्या निकालावर दिले आणि बाकीचे पन्नास दहावीतल्या अंतर्गत कामावर. त्यात निदान मुलाचे स्वतःचे काहीतरी मोजले गेले. त्या वर्षी राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला आणि पेढ्यांना तोटा पडला, हे आपल्याला आठवत असेल. असो.

आता थोडे विचाराचे बोलू. परदेशातल्या शिक्षणाच्या अभ्यासकांमध्ये अलीकडे एक शब्द रूढ झाला आहे : पोस्टडिजिटल. २०१९ पासून याच विषयाला वाहिलेले एक संशोधन-नियतकालिकही निघते. क्रोएशियाचे पेटार यांद्रिच नावाचे प्राध्यापक त्याचे संपादक आहेत. शब्द ऐकून दचकू नका. 'पोस्ट' म्हणजे नंतरचे. डिजिटल संपले असा त्याचा अर्थ नाही. डिजिटलचे नवेपण संपले, असा अर्थ आहे. गावाकडे पहिल्यांदा वीज आली तेव्हा लोक 'लाईटवाले घर' म्हणून खूण सांगायचे. आज कोणी म्हणतं का? आज वीज गेली की तिची आठवण होते. तसेच हे. पंचवीस वर्षांपूर्वी 'कॉम्प्युटर क्लास'ची पाटी दिसली की आपण थबकायचो, पोटाला चिमटा घेऊन पोरांना एमएससीआयटीला घालायचो. आज हजेरी संगणकात, फी संगणकात, हॉलतिकीट, निकाल, शिष्यवृत्ती सगळे त्यातच. ज्याच्या घरात मोबाईल नाही, त्या पोराचंही नाव तिथे आहे. तो संगणकाला शिवला नाही म्हणून संगणक त्याला शिवल्याशिवाय राहत नाही.

म्हणून 'डिजिटल शिक्षण हवे की नको' हा वाद आता शिळा झाला. तो घालत बसलो तर खरा प्रश्न निसटतो. ही रीत कोणी ठरवली? ठरवताना त्याच्या डोळ्यांसमोर कोणाचे घर होते? यात पैसा कोणाचा सुटतो? आणि चुकले तर दाद कोणाच्या दारात मागायची? महात्मा जोतिराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात हाच हिशेब मांडला होता : कर भरतो शेतकरी, आणि त्या पैशावर शिकतात वरच्या वर्गाची मुले. तेव्हा संगणक नव्हता. प्रश्न मात्र होता.

या विचारामागे एक गमतीदार इतिहास आहे. निकोलस नेग्रोपोंटे नावाचे अमेरिकन प्राध्यापक. त्यांनी १९९८ साली एका मासिकात लिहिले, की डिजिटल क्रांती होऊन गेली, आता ती हवेसारखी होईल, नसेल तेव्हाच जाणवेल. फार दूरचे पाहिले म्हणायचे! पण याच गृहस्थांनी २००५ साली जगाला सांगितले, की गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाच्या हातात शंभर डॉलरचा लॅपटॉप दिला, की शिक्षणाचा प्रश्न सुटेल. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा छोटा लॅपटॉप होता तो. शंभर डॉलरची किंमत कधी झालीच नाही. ती दोनशेच्या जवळ राहिली. भारत सरकारने २००६ साली नकार दिला. तरी २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या वस्तीत, एकशिक्षकी शाळेत, वीस-बावीस मुलांवर त्याचा देशातला पहिला प्रयोग झाला. मुलांनी लॅपटॉप हौसेने हाताळले. हौस खोटी नव्हती, आणि तिची चेष्टा आम्ही करणार नाही.

पण मोठी परीक्षा झाली ती दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात. तिथल्या सरकारने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. पुढे खेड्यापाड्यांतल्या ३१९ शाळा घेऊन नीट अभ्यास झाला आणि २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. शाळेत आधी आठ-दहा मुलांमागे एक संगणक होता, तो प्रत्येकाला एक असा झाला. मुले त्याचा वापरही करू लागली. पण गणितात आणि भाषेत काही फरक पडला नाही. विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही एका बाजूचे बोललो असे होईल. इंटरनेट बहुतेक शाळांत नव्हतेच, आणि शिक्षकांना दिलेले प्रशिक्षण जुजबी होते. लॅपटॉप वाटताना फोटो निघतो. शिक्षकाची रिकामी जागा भरताना निघत नाही. सगळ्या देशांतल्या सरकारांचं हे एकच दुखणं आहे.

आता आपल्या घरात येऊ. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हुकूम निघाला, की शिक्षण मोबाईलवर चालेल. त्याआधीच, २०१७-१८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे सरकारनेच छापलेले होते. देशातल्या ग्रामीण भागात शंभरातल्या चार-साडेचार घरांत संगणक, शहरी भागात तेवीस घरांत. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात पंधरा घरांत आणि शहरात बेचाळीस घरांत. म्हणजे कोण बाहेर राहणार हे आधीच ठाऊक होते. तरी शाळेचे वेळापत्रक ज्या घरासाठी बनवले, त्या घरात एक शांत खोली होती, टेबल होते, प्रत्येक मुलाला स्वतंत्र मोबाईल होता आणि अकरा वाजता शेजारी बसायला आई घरी होती. असे घर आमच्या गल्लीत एकही नाही. आमच्याकडे मोबाईल बापाच्या खिशात. बाप सकाळी सातला कामावर, रात्री आठला परत. तास अकराचा. तीन भावंडं असतील तर मोठ्या भावाची दहावी म्हणून धाकट्या बहिणीने पुस्तक मिटायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं, ते आपोआप ठरलं. खालच्या वर्गांच्या शाळा दीड वर्षाहून जास्त बंद राहिल्या. दुसरीतली मुले एकदम चौथीत गेली. आमच्या अभ्यासिकेत आजही अशी मुले येतात, ज्यांचे वाचन जोडाक्षराला अडते. त्यांना 'ढ' म्हणणाऱ्यांनी तो हिशेब आधी करावा.

त्याच काळात वेगळे काम करणारीही माणसे होती. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी लागली. टीव्ही म्हणजे जुने यंत्र, पण ते घराघरांत होते आणि एकाच वेळी सगळी भावंडे बघू शकत होती. त्याहून आम्हाला मोलाचे वाटते ते सोलापूरच्या नीलमनगरातले काम. तिथे बहुतेक पालक कामगार. मोबाईल कुठून आणणार? तिथल्या मराठी शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. पाढे, व्याकरण, विज्ञानाच्या आकृत्या, इंग्रजी शब्द. शेकडो भिंती! येताजाता मूल थांबणार, वाचणार, शेजारची ताई समजावून सांगणार. भिंतीला रिचार्ज लागत नाही आणि तिचा पासवर्ड कोणी विसरत नाही. काही लोक म्हणतील, हे मागासलेपण झाले. आमच्या मते ते त्या वर्षातले फार शहाणपणाचे तंत्रज्ञान होते, कारण त्या शिक्षकांनी आधी पोराचे घर पाहिले आणि मग साधन निवडले.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा तिथे सकाळचे वर्ग ठेवले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता आले पाहिजे. कॉलेजची घंटा किती वाजता द्यायची, एवढीच गोष्ट. पण ती ठरवताना डोळ्यांसमोर गिरणीतला, कचेरीतला मुलगा होता. घड्याळ हेही यंत्रच आहे, बरं का.

आता जे बोलायचे आहे ते महिला मंडळाने विशेष लक्ष देऊन ऐकावे, कारण कागदपत्रांची पिशवी घरोघरी तुमच्याच हातात असते. शिक्षणातले तंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टॅबलेट येतो, पडद्याचा फळा येतो. खरे तर आपल्या पोरांच्या शिक्षणात सर्वात जास्त ढवळाढवळ करणारे यंत्र वेगळेच आहे. ते म्हणजे शिष्यवृत्तीचा ऑनलाईन अर्ज.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आता महाडीबीटीच्या पोर्टलवरून मिळते. जातीचा दाखला, अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेले बँकेचे खाते, गुणपत्रिका हे सगळे त्यात भरायचे. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग समाजकल्याणकडे. कागदोपत्री व्यवस्था चांगली आहे. मधल्या दलालाला जागा नाही, पैसा थेट खात्यात. आम्ही त्याचे स्वागतच केले होते. पण दलाल गेला, असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या गल्लीत येऊन बघावे.

आमच्या एका मुलीची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, ती इथेच बसलेली असण्याचा संभव आहे. नर्सिंगला प्रवेश मिळाला. आई घरकाम करते. अर्ज भरायला दोघी नाक्यावरच्या सायबरवाल्याकडे गेल्या. गर्दी होती. त्याने पटापट भरले, आणि मोबाईल नंबर विचारला तेव्हा आईचा फोन बंद पडलेला, म्हणून त्याने आपलाच नंबर टाकला. ईमेलही त्याचाच. पासवर्ड त्याच्या वहीत. शंभर रुपये घेतले आणि पावती दिली. पोरीला वाटले, झाले काम. दोन महिन्यांनी कॉलेजने अर्ज परत पाठवला. कारण काय, तर उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली. ही सूचना गेली सायबरवाल्याच्या मोबाईलवर. त्याच्याकडे तसल्या शंभर सूचना रोज येतात. पोरीला कळले तेव्हा शेवटची तारीख उलटून गेली होती. कॉलेजात विचारायला गेली, तर क्लार्क म्हणाला, 'सिस्टिमने घेतलं नाही, आम्ही काय करणार?' समाजकल्याणच्या कचेरीतही तेच वाक्य. फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेत नव्हते. शेवटी आपल्या बचत गटाने कर्ज दिले म्हणून वर्ष वाचले. ते कर्ज तिची आई अजून फेडते आहे.

आता या गोष्टीत चूक कोणाची? सायबरवाला काही दुष्ट माणूस नाही, त्याला शंभर रुपयांत शंभर माणसे निपटायची असतात. कॉलेजच्या क्लार्कपुढेही शेकडो अर्ज. परंतु अर्ज परत आला तर विद्यार्थ्याला कागदावर कळवलेच पाहिजे, असा साधा नियम कोणी केला नाही, कारण ज्याने पोर्टल आखले त्याच्या कल्पनेत प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःचा मोबाईल, स्वतःचा ईमेल आणि रोज लॉगिन करून बघायची सवय होती. पुन्हा तेच घर! टेबलवाले, शांत खोलीचे. आणि 'सिस्टिमने घेतलं नाही' हे वाक्य तर आम्हाला फार जुन्या ओळखीचे वाटते. पूर्वी म्हणत, रूढी आहे, आम्ही काय करणार. नकार द्यायचा, पण नकार देणारा माणूस दिसू द्यायचा नाही.

ज्यात पैसा गुंतलेला आहे असेही एक यंत्र आपल्या दारात येऊन गेले. टाळेबंदीत शिकवणीच्या कंपन्यांचे तरुण टॅबलेट घेऊन गल्लोगल्ली फिरत होते. आमच्या इथल्या एका रिक्षावाल्या बंधूंनी अशाच एकाच्या सांगण्यावरून टॅबलेटवर सही केली. त्यांना वाटले हप्त्याने फी आहे. प्रत्यक्षात ते एका वित्तसंस्थेचे कर्ज होते. पोराने तीन आठवड्यांत बघणे सोडले, हप्ता मात्र खात्यातून परस्पर कापला जात राहिला. असे प्रकार देशभर इतके वाढले, की डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने पालकांसाठी इशारा काढला, की असे कर्ज घेताना आणि खात्यातून परस्पर पैसे कापायला संमती देताना जपून. या धंद्यातली बायजूज ही सर्वात मोठी कंपनी. २०२२ साली तिची किंमत बावीस अब्ज डॉलर धरली जात होती, आणि जुलै २०२४ मध्ये ती दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. कंपन्या येतात, जातात. सही केलेला कागद मात्र आपल्या घरात राहतो.

नव्या पिढीचा प्रश्न घेतल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि आता आमच्या अभ्यासिकेतली मुले त्याला मराठीतून प्रश्न विचारतात. काही वेळा उत्तर उत्तम येते, काही वेळा ठामपणे खोटे येते. मुलांनी विचारू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या घरी विचारायला शिकलेला माणूस नाही, त्याला रात्री अकरा वाजता उत्तर देणारे काहीतरी मिळाले, हे लहान नाही. उत्तर आले की पुस्तकात ताडून बघ, एवढे आम्ही सांगतो. पण दुसरी बाजू बघा. हे निबंध यंत्राने लिहिले की मुलाने, हे ओळखणारीही यंत्रे निघाली आहेत. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली अशी सात यंत्रे तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. निम्म्याहून जास्त निबंध यंत्रांनी 'हे माणसाचे नव्हे' असे ठरवले! अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र बहुतेक बरोबर ओळखले. कारण असे, की शिकून मिळवलेले इंग्रजी मोजक्या, साध्या शब्दांचे असते, आणि यंत्राला साधेपणाचा संशय येतो. म्हणजे ज्याने रात्री डिक्शनरी घेऊन एकेक वाक्य जुळवले त्याच्यावर चोरीचा आळ, आणि ज्याच्या घरात इंग्रजी बोलतात तो साव. आपली मुले पुढे परदेशी विद्यापीठांत जाणार आहेत, काही गेलीही आहेत. त्यांनी आपल्या निबंधाचे कच्चे खर्डे तारखेसह जपून ठेवावेत. उद्या कोणी यंत्राकडे बोट दाखवले, तर आपल्याकडेही दाखवायला काही पाहिजे.

हल्ली शाळांतून 'अपार' क्रमांकाचे संमतीपत्र घरी येते. त्या एका क्रमांकाखाली मुलाची सगळी शैक्षणिक नोंद ठेवायची, अशी योजना आहे. दाखले शोधायची धावपळ वाचेल, हा फायदा आहेच. पण ते संमतीपत्र आहे, म्हणजे संमती विचारलेली आहे, हे बऱ्याच पालकांना कोणी सांगत नाही. 'सही करून पाठवा' एवढेच पोर सांगते. आमचे म्हणणे एवढेच, की ते वाचा, नाव, जन्मतारीख आधारशी जुळते का बघा, कोणती माहिती कोणाला मिळणार ते शाळेत विचारा, आणि मग सही करायची की नाही ते ठरवा. नापास झालेले एक वर्ष, मध्येच सुटलेली शाळा, हे पूर्वी गाव बदलले की मागे राहायचे. आता ते बरोबर चालणार. इंग्लंडच्या मुलांना शाळेचा भूतकाळ आडवा आला. आपल्या मुलांना उद्या स्वतःचा कोणता भूतकाळ आडवा येईल, हे आज विचारून ठेवलेले बरे.

आता कामाचे सांगतो. दर रविवारी वंदना झाल्यावर, पाच ते आठ, अभ्यासिकेत अर्ज भरण्याचे काम चालते. शिष्यवृत्ती, स्वाधार, वसतिगृह, पंचवीस टक्क्यांचे प्रवेश, सगळे. आम्ही अर्ज भरून देत नाही. शेजारी बसतो, आणि ज्याचा अर्ज त्यानेच भरायचा. पहिल्या दिवशी फक्त स्वतःचा ईमेल काढायचा आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहायचा. आमच्या वहीतही नाही. येताना मूळ दाखले आणा आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरची तारीख घरीच बघून या. अभ्यासिकेत एक रजिस्टर ठेवले आहे, त्यात अर्ज क्रमांक आणि तारीख लिहायची. दर पंधरा दिवसांनी आमची मुले प्रत्येकाला आठवण करतील, की लॉगिन करून बघ. अर्ज परत आलेला दिसला तर त्याच आठवड्यात कॉलेजला लेखी पत्र द्यायचे आणि त्याची पोच घ्यायची. कचेरीत कोणी 'सिस्टिमने घेतलं नाही' म्हणाले, तर तेच वाक्य त्यांच्याकडून लिहून मागायचे. बहुतेक वेळा लिहून देत नाहीत आणि मग सिस्टिम घेते, असा आमचा अनुभव आहे. गेल्या मोसमातल्या परत आलेल्या अर्जांची यादी आम्ही करत आहोत. कारण आणि तारखांसह ती समाजकल्याण कचेरीला द्यायची आहे आणि परत आलेल्या अर्जाची कागदी सूचना सक्तीची करा, एवढी एकच मागणी करायची आहे. ज्यांच्या घरी असे झाले आहे त्यांनी जाताना दारातल्या टेबलावर नाव सांगून जावे. मुलीचे नाव सांगायचे नसेल तर नुसता अर्ज क्रमांक चालेल.

आणि रविवारी येताना चार्जर आपापला आणा. विहारात बोर्ड एकच आहे आणि त्यावर माईकही लागतो.

जयभीम.